लाल जोडीचा भाव

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच. देवळात उभा राहिलो तेव्हासुद्धा मनातल्या मनात पुरतं मांडलं नाही — दर वेळी अर्ध्यावर येऊन मागे फिरलो आणि बाहेर चपला शोधायला लागलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा-माझा कधी सौदा व्हायचा नाही.

सौदा हेच माझं काम. बैलांची दलाली करतो. दारव्ह्यापासून घाटंजीपर्यंत कुठल्याही बैलबाजारात माझं नाव विचारा, लोक हसतील किंवा शिव्या देतील, पण ओळखतील. सातवीत शाळा सुटली. बापानं मागे काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते या जिभेवर आणि या हातावर. हातावर म्हणजे खरंच हातावर — आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. भोवती माणसांचा घोळका असतो, पण आकडा दोघांनाच कळतो. दुपट्ट्याखाली काय झालं ते तिसऱ्याला दिसत नाही. हे लक्षात ठेवा, मी परत इथेच येणार आहे.

दादा माझा थोरला भाऊ. ही बोटं त्यानंच मला शिकवली. आत्ता वर मी सगळं माझंच केलेलं म्हणालो ना? बघा, इथेही हात आखडलाच.

दादा कमी बोलायचा, आणि तरी लोक मला ओलांडून त्याच्याकडे जायचे. का जायचे? कारण एकदा भर बाजारात त्यानं मला उघडं पाडलं होतं. माझ्याकडच्या एका बैलाचा गुडघा सकाळी आखडायचा. थोडा चालवला की मोकळा व्हायचा. मी त्याला आधीच चालवून आणला होता. घेणाऱ्याचा हात माझ्या हातात, सौदा जमत आलेला — आणि दादानं दुपट्टा उचलला, माझं मनगट धरून हात बाहेर ओढला.

"याचा बैल सकायी लंगडते," तो त्या माणसाला म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "लहान्या, जा. बैलाले पानी पाज."

सगळे हसले. त्या दिवसापासून बाजारात माझं नाव 'पानीपाज्या' पडलं. "काय पानीपाज्या, पाजलं का पानी?" — चहाच्या टपरीवर, जीपमध्ये, लग्नाच्या पंगतीत. केस पिकले तरी नाव सुटलं नाही. दादाचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणूनच तर जास्त जळत राहिलो. चूक नसती तर कदाचित विसरलो असतो.

मग दादाला मेंदूज्वर झाला. वाचला, पण घरी आला तो अर्धाच. जुनं सगळं शाबूत — कोणता बैल कोणाकडून घेतला, त्याच्या शेपटाचा गोंडा कसा होता, सगळं. नवीन मात्र काही राहीना. जेवून उठायचा आणि विचारायचा, "मी जेवलो का?" वहिनी हसून "जेवले ना" म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

यवतमाळला डॉक्टरीण बाईंकडे मीच न्यायचो. वहिनी बाहेर दादापाशी बसायची, आत मी एकटा. बाईंनी मला नीट समजावलं होतं. समजलं नाही असं म्हणायची सोयच नाही. त्या म्हणाल्या, तापात ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. पण मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन पेशी होतच नाहीत, असं जे पूर्वी शिकवायचे, ते आता तितकंसं खरं धरत नाहीत. नवीन आठवणी जिथे बसतात त्या जागी, अगदी लहानशा भागात, काही मूळ पेशी असतात. त्या दुभागतात आणि त्यांच्यातून नवीन चेतापेशी तयार होतात. उंदरांत हे पक्कं दिसलं आहे. माणसात किती होतं, यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि जन्मली ती टिकलीच असंही नाही. कोवळी असताना तिला काम मिळालं, जुन्या पेशींशी जोडली गेली, तर टिकते. नाहीतर मरते.

मला लगेच गोऱ्हे डोळ्यासमोर आले. वयात असताना जुवाखाली घातला नाही, नुसता बांधून ठेवला, तर त्या गोऱ्ह्याचा बैल होत नाही.

"ग्यारंटी किती, बाई?" मी विचारलं.

"ग्यारंटी नाही."

"तरी? रुपयात चार आणे?"

त्या हसल्या. "इथे घासाघीस चालत नाही हो. त्यांना चालवा, नवीन ठिकाणी न्या, नवीन माणसं भेटू द्या. नवीन काही लक्षात राहिलं तर मला येऊन सांगा. फक्त घरात बसवून ठेवू नका."

मी ऐकलंही. दर आठवड्याला त्याला बाजारात नेऊ लागलो. हे माझ्या बाजूनं मांडत नाही — पुढचं कळावं म्हणून सांगतो.

घाटंजीच्या बाजारात एक लाल जोडी आली होती. दादाला गुंतवून ठेवायचं म्हणून मी दुपट्टा पसरला आणि त्याचा हात आत घेतला. तो जोडीभोवती फिरून आला होता, दात पाहिले होते. त्यानं भाव दाबला: चार बोटं घट्ट, जरा थांबून अंगठ्याजवळची दोन. बरोबर भाव होता. पण भाव काढणं ही जुनी विद्या, त्यात नवल नव्हतं. जोडी त्या दिवशी विकली गेली नाही.

पुढच्या बाजारात आम्ही गेलो तेव्हा मालकानं ती जोडी लिंबाखाली बांधली होती, बऱ्याच दूर. दादा लांबूनच थांबला. माझ्याच खांद्यावरून दुपट्टा ओढला, माझा हात आत घेतला — चार बोटं घट्ट, जरा थांबून अंगठ्याजवळची दोन. आणि डोळे बारीक करून म्हणाला, "गेली नाही काहून अजून?"

कळतंय ना तुम्हाला? जवळ न जाता, दात न पाहता. 'अजून' म्हणाला. आठवडाभर त्याच्या डोक्यात काहीतरी नवीन राहिलं होतं. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. आनंदाचा होता — निदान पहिल्या झटक्यात तरी.

तेवढ्यात जोडीचा मालक ओरडला, "अरे, दादा आले का! या बाप्पा, आता भाव बरोबर होते!" मला ओलांडून त्यानं दादाचे दोन्ही हात धरले. मागून कोणीतरी म्हणालं, "पानीपाज्या, बादली कुठी हाये रे तुही?" लोक हसले. आणि दादाही हसला. त्याला काय कळलं असेल? काही नाही. सगळे हसले म्हणून हसला.

घरी आलो. वहिनी दारातच. "भाऊजी, आज काही नवीन ध्यानात राह्यलं का त्यायच्या?"

मी म्हणालो, "नाही."

इथे थांबलो असतो तरी — पण मी थांबलो नाही. म्हणालो, "वहिनी, डॉक्टरीन बाई म्हनत होत्या, गर्दीनं डोक्यावर जोर येते. आता घरीच ठेवा त्यायले. आराम करू द्या."

ती म्हणाली, "तुमी म्हनता तं तसंच करू." का नाही म्हणणार? आत तर मीच जायचो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जीप दारात आली तेव्हा दादा दुपट्टा टाकून फाटकाशी उभा होता. दिवस कोणता हेसुद्धा त्याच्या लक्षात राहू लागलं होतं का? की जीपच्या आवाजानं उठला? मी विचारलं नाही. वहिनीनं प्रेमानं त्याचा हात धरून आत नेलं. त्यानंतरच्या बाजारीही तो उभा होता. मी ड्रायव्हरला म्हणालो, "चाल लवकर." कितीतरी बाजार असे गेले. मग एका सकाळी फाटकाशी कोणी नव्हतं, आणि मला — लिहायला हात अडतो — मला बरं वाटलं.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "नेता ना बाहेर?" मी म्हणालो, "दर आठवड्याला." "काही लक्षात राहिलं?" "काही नाही, बाई." त्यांनी मान हलवली.

आज दादा पोर्चमध्ये खुर्चीवर बसतो. समोरच्या भिंतीकडे पाहतो. सून आणलेली कळत नाही, नातू झालेला कळत नाही, रोज त्या पोराला विचारतो, "कोनाचा रे तू?" वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, असा दीर शोधून सापडायचा नाही, याच्यानंच आमचे हे वाचले. मी तिथून उठतो. कुठेही बसलो तरी उठतो हल्ली.

कधीकधी कोणी नसताना मी त्याच्याजवळ खुर्ची ओढतो, दुपट्टा पसरतो आणि हात आत सरकवतो. दर वेळी वाटतं, आज चुकेल. आज नुसताच हात धरून बसेल. चुकला तर मला म्हणता येईल की त्याच्या डोक्यात काही टिकणारच नव्हतं, मी नेलं असतं तरी नाही.

काल संध्याकाळीही बसलो. तो माझ्याकडे पाहतही नव्हता. दुपट्ट्याखाली त्याचा हात जरा वेळ थंड पडून राहिला. मग हलला. चार बोटं घट्ट. जरा थांबून, अंगठ्याजवळची दोन.