गच्चीवरचं ओलं गोणपाट

जळगावात एका सहा मजली कार्यालयाची देखभाल माझ्याकडे होती. त्या इमारतीची हुबेहूब जुळी इमारत संगणकात उभी केली होती. जागोजागी लावलेले सेन्सर कुठे किती तापलंय ते या जुळीला कळवायचे आणि ती त्याप्रमाणे एसी कमी-जास्त करायची. आम्ही फक्त पडद्याकडे बघायचं.

मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत सगळे फायलींनी वारा घेत होते. जुळी मात्र सांगत होती, बाहेर छान गारवा आहे, एसीची गरज नाही. मी ती बनवणाऱ्या पुण्याच्या लोकांना फोन करून तासभर शिव्या घातल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "गच्चीवरचा सेन्सर बघितलात का?"

तणतणत गच्चीवर गेलो. तिथे पाण्याच्या टाक्या सांभाळणारे दोंडाईच्याचे नाना तांब्याने सेन्सरवर पाणी ओतत होते. माठाला गुंडाळतात तसं त्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं.

"बिचारं उन्हामा तापी ऱ्हायनं व्हतं," नाना म्हणाले. "दिनमा तीनदा पानी टाकस मी."

मी ओरडलो, "नाना, तापणं हेच त्याचं काम आहे! आधी काढा ते!"

नानांनी गोणपाट सोडलं, उरलेलं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"मंग हाई तुमना डोकावर ठेवा, साहेब. खरं तापेल शे ते तुमनंच डोकं."

कोणी बघत नाही ना, ते पाहिलं आणि ठेवलं.