तेच आणि तसलं

छातीपर्यंत भंगारात गाडलेला माणूस नुसती मूठ उघडली की वाचणार असेल, तर कोणीही उघडील. आमच्या भावजींनी उघडली नाही. अख्ख्या बीड जिल्ह्यात त्यांच्याइतका हट्टी माणूस जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर त्याच्या घरच्यांनी मला येऊन भेटावं, आपण बसून बोलू. पाटोद्याच्या भंगारवाल्याच्या अंगणातला ढीग घसरला होता. भावजींचा उजवा हात जुन्या लोखंडी पलंगाच्या दोन गजांमधून खांद्यापर्यंत आत गेलेला, आणि डोक्यावर पाण्याची लोखंडी टाकी तिरकी होऊन लटकलेली. चारपाच गड्यांनी टाकीला दोर लावून ती धरून ठेवली होती. पायांवरचा रिक्षाचा सांगाडा ओढून झाला होता. आता फक्त हात बाहेर यायचा होता. उघडा पंजा गजांतून निघेल आणि मिटलेली मूठ निघणार नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. भंगारवाले चाचा रडकुंडीला आले होते. "ओ काका, सोडा की ते. जीव गेल्यावर काय करता त्याचं?" भावजी त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "चाचा, सापडलंय."

काय सापडलं होतं ते कळायला आधी भावजी कळायला पाहिजेत. ते माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन नेकनूरला आले तेव्हा ते जत्रेजत्रेतून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमात मशीन चालवायला जात. त्या तंबूवाल्याकडे एक सिनेमा होता, त्यात दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरची माणसं खाली उतरतात आणि आपल्या पोलिसांशी भांडतात. गोष्टीत काही दम नव्हता. मी एकदा बघितला आणि अर्ध्यात झोपले. पण भावजींनी तो इतक्या वेळा लावला की एके दिवशी त्यांचं लक्ष माणसांवरून सुटलं आणि त्या माणसांच्या हातातल्या वस्तूंवर गेलं. वरून आलेल्या सरदाराच्या हातात एक बंदूक होती, तिच्यातून उजेड निघायचा आणि माणूस नाहीसा व्हायचा. सगळा तंबू श्वास रोखून त्या उजेडाकडे बघत असताना भावजींना दिसलं की बंदुकीचं तोंड म्हणजे पंपाच्या स्टोव्हची टोपी आहे. मूठ म्हणजे हातातल्या बॅटरीची नळी, आणि वरचं चाक रेडिओचं बटण. सिनेमावाल्यांनी मुंबईच्या भंगारातून काय काय उचलून ती जोडली असणार. दुसरा माणूस हसला असता आणि विसरला असता. भावजी घरी आले, चुलीपाशी बसले आणि मला म्हणाले, "वैनी, आपल्या घरातलं सामान आभाळात जाऊन आलंय." मी म्हटलं, मग येताना रॉकेल आणलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ते त्या सिनेमातल्या वस्तू तयार करतात. दिसायला तशाच करणं हे त्यांना शिवीसारखं वाटतं. ज्या जातीच्या बॅटरीची नळी तिथे होती त्याच जातीची नळी पाहिजे, ज्या रेडिओचं बटण होतं त्याच रेडिओचं. फिल्म तुटली की जोडताना दोनचार चौकोन कापून टाकावे लागत. ते चौकोन भावजींनी फेकले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ते दुपारी ओट्यावर बसून एकेक चौकोन उन्हात धरत आणि भिंगातून बघत. एका चौकोनात बटणाच्या कडेला कंगोरे दिसतात, एकात नळीवरची आडवी रेघ. तंबू गेला, सिनेमा गेला, तो सरदार झालेला नटही गेला असेल. भावजींची ओळख पटवणं चालूच आहे.

त्यांच्या बोलण्यात दोनच शब्द महत्त्वाचे, तेच आणि तसलं. कोणी काही आणून दाखवलं की ते हातात घेतात, फिरवतात, नखाने खरवडतात आणि परत देतात. "हे तसलं हाय. मला तेच पायजे." माझ्या मुलाने पुण्याहून एकदा ती स्टोव्हची टोपी मशीनवर हुबेहूब छापून आणली. आता वस्तूही छापता येतात म्हणे. पोराने हौसेने आणली होती, भिंगाखाली धरली तरी फरक दिसेना. भावजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चहा पाजला आणि टोपी कपाटात ठेवून दिली. मला राग आला. मी म्हटलं, "भावजी, सगळं जग तसल्यावर चालतं. मला नवरासुद्धा तसलाच मिळाला, मी काही बोलले का?" त्यावर ते म्हणाले, "दादा तेच होते, वैनी. तुमी भिंग लावलं न्हाई." त्यांचे दादा, म्हणजे माझा नवरा, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी उठून पीठ मळायला गेले.

अशा माणसाला चारचौघांत न्यायची सोय नाही. लग्नाला गेले की मांडवात कमी आणि मंडपवाल्याच्या सामानात जास्त. सुतकाच्या घरी गेले की मयताच्या फोटोला हात जोडतात आणि डोळे मात्र फोटोशेजारच्या रेडिओवर. थोरल्या मुलासाठी युसूफ वडगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी त्यांना बजावून नेलं होतं की तोंड उघडायचं नाही. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली. तिच्या मागे खुंटीला एक जुनी बॅटरी लटकत होती. भावजींचा धीर सुटला. तिकडे बघत ते म्हणाले, "ही तुमच्या घरात कवापासून हाय?" मुलीचे वडील गोंधळले. म्हणाले, "जन्मापासून. आमचीच हाय ती." भावजी म्हणाले, "लई जपून ठेवलीय. मागचं झाकण निघतं का?" पुढे काय झालं ते मी सांगत नाही. पोरीच्या मावशीला पाणी मारावं लागलं एवढं सांगते. पण ती पोरगी पदर तोंडात धरून हसत होती, ते मी बघितलं आणि तिथेच होकार दिला. सून माझ्याकडे आली, बॅटरी भावजींकडे. दोन्ही टिकल्या.

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मागच्या खोलीत त्यांचं सामान असतं. सरदाराचा टोप आहे, त्याला दुधाच्या कॅनचं झाकण आहे. छातीवरची पेटी आहे, तिच्यावर बाजाच्या पेटीचे खटके आहेत. सगळं पुरं झालं होतं. बंदूकही झाली होती, फक्त तिला तोंड नव्हतं. तोंडाची टोपी बिनआवाजाच्या स्टोव्हची, आणि तीही जुन्या पितळी घडणीची. स्टोव्ह गावातून गेले त्याला किती काळ झाला. जे मिळत ते पत्र्याचे, नाहीतर मागाहूनच्या घडणीचे. गेल्या वर्षापासून भावजींचे डोळे अंधुक व्हायला लागले. डॉक्टरने सांगितलं, एका डोळ्याचं काही होणार नाही, दुसऱ्याचं बघू. ते ऐकून घरी येताना बसमध्ये भावजी एवढंच म्हणाले की टोपी सापडेल तोवर डोळ्यांना दिसायला पाहिजे. तेव्हापासून ते दर बाजाराला भंगारात जायला लागले, आणि एकट्याला सोडवेना म्हणून मी त्यांच्यामागे. ते ढिगात, मी चाचांनी दिलेल्या खुर्चीवर. बघणाऱ्याला वाटत असेल, म्हातारीने म्हातारा विकायला आणलाय.

त्या दिवशी मी खुर्चीवरच होते. ढीग घसरल्याचा आवाज आला आणि धुरळा. मग गडी धावले, दोर आले, जेसीबीवाला आला. जेसीबीवाला म्हणाला की टाकीला हात लावला तर ती आधी यांच्यावरच लोळेल, माणूस आधी निघू द्या. सगळे भावजींना समजावत होते. कोणी देवाची शपथ घातली, कोणी आईची. एकजण म्हणाला, "काका, तसली दुसरी आणून देऊ, धा आणून देऊ." मला कळलं, आता हा माणूस मरतो. त्यांच्यापुढे नेमका तोच शब्द काढला होता.

मी चप्पल काढली आणि ढिगाच्या कडेने सरपटत गेले. मागून ओरडाओरडा झाली. मी वाळलेली बाई, माझ्या वजनाने काय हलणार. पलंगाच्या दुसऱ्या बाजूने गजांतून हात घातला. बांगड्या अडकल्या, एक फुटली, हात गेला. अंधारात त्यांची मूठ लागली. गार पडली होती. मी म्हटलं, "भावजी, बघू द्या."

ते म्हणाले, "वैनी, मला आता एवढं दिसत न्हाई. तेच हाय का, तुमी सांगा."

म्हणजे अडलं होतं ते इथे. त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. सोडली आणि ती खरी निघाली तर, म्हणून सोडवत नव्हती. त्यांनी दोन बोटं सैल केली. मी चाचपून बघितलं. अर्धा जन्म मी त्या स्टोव्हवर भाकरी भाजली आहे. वरची भोकं मोठी, खालची बारीक. पुढे निघालेल्या टोप्यांची कड बोट कापायची. जुन्या पितळी टोपीची कड आत वळवलेली असायची, पुसताना फडकं अडकायचं नाही. माझं बोट त्या कडेवरून गेलं. बोटाला ओळख पटली, मला पटायच्या आधी.

मी म्हटलं, "तेच हाय."

"तसलं न्हाई ना?"

"न्हाई. तेच. आता माझ्याकडं द्या."

त्यांनी मूठ उघडली. टोपी माझ्या हातात आली आणि गड्यांनी भावजींना काखेत धरून ओढलं. त्यांचा हात गजांतून साबणावरून घसरावा तसा निघाला. मग चाचा ओरडले, "मावशी, तुमी निघा," आणि मी हात ओढला. निघेना. मूठ मिटलेली होती. माझी. आता मी काही भावजी नाही, मला ग्रह-तारे ठाऊक नाहीत, तो सिनेमा मी झोपून काढलेला. पण क्षणभर मूठ उघडेना. टाकीचा दोर करकरत होता. मग मी टोपी सोडली, आणि हात बाहेर आला, आणि गड्यांनी मला पोत्यासारखी उचलून बाजूला टाकली. त्यानंतर टाकी खाली आली.

मला खुर्चीवर बसवल्यावर भावजींनी माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मी वाट बघत होते की हा माणूस आता रडेल. त्यांनी माझ्या मनगटातली फुटक्या बांगडीची काच काढली, उपरण्याने रक्त पुसलं, आणि हळूच विचारलं, "पण तेच होतं ना?" मी म्हटलं, "तेच होतं." ते चहा प्यायला लागले.

पुढच्या बाजाराला चाचांनी ढीग उपसून टोपी शोधून ठेवली होती. नाण्यासारखी चपटी झालेली. भावजींनी ती डोळ्यांशी नेली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तेच हाय. पण आता तसलं झालं." आणि हसले. बंदूक अजून तोंडाशिवाय आहे. कोणी बघायला आलं की ते सांगतात, टोपी सापडली होती, वैनींनी हाताने पारखली. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही, म्हणून दुपारी फिल्मचे चौकोन मी उन्हात धरते आणि काय दिसतं ते त्यांना सांगते. मला नीट सांगता येत नाही. ते रागावत नाहीत.

पाटोद्याच्या त्या ढिगाखाली हात घालून दोन माणसं जिवंत निघाली. एक आमचे भावजी. दुसरी मी.