टेलर लाइनची बेतणी

समोर कुणी येऊन उभं राहिलं की मास्तरमामा आधी त्याच्या खांद्यांकडे पाहायचे, मग तोंडाकडे. एका बँकेच्या मॅनेजरचं स्वागत त्यांनी "या, डावा खांदा उतरलेले" असं केलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मॅनेजर रागावले नाहीत. पुढे ते त्यांच्याकडेच कपडे शिवायला टाकू लागले, कारण त्यांचा कोट आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखा बसला होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा शिंपी असेल. आमच्याकडे तर सगळेच शिंपी. म्हैसूरच्या एका टोकाला पूर्वी मिलिटरीचा कॅम्प होता आणि त्याच्या कुंपणाला लागून सतरा घरांची एक ओळ. जवानांचे युनिफॉर्म शिवायला आमच्या आजोबांच्या पिढीला तिथे बसवलं होतं, म्हणून तिचं नाव टेलर लाइन. पुढे पलटण दुसरीकडे गेली, बराकी ओस पडल्या, आम्ही मात्र राहिलो. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांतून काम आणायचं आणि घरी शिवायचं. घराचा कागद एकाकडेही नव्हता. कुणा साहेबाने तोंडी सांगितलं होतं, इथे राहा. तेवढ्यावर तीन पिढ्या झाल्या.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, मी मास्तरमामा. ते मला नावाने हाक मारत नसत. लाइनमधून कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून माझं नावच "कॉलेज" पडलं होतं.

"काय कॉलेज, आज काय शिकवलं?"

मी अडखळत काहीतरी सांगायची. ते मशीनवरून मान न उचलता ऐकायचे आणि म्हणायचे, "आयतु, झालं तर. म्हणजे तुलाही अजून नीट कळलं नाही." ते खरं असायचं.

एकदा आईने ब्लाउजपीस आणलं. दोन शिंप्यांनी कापड पुरणार नाही म्हणून परत केलं होतं. मास्तरमामांनी ते टेबलावर पसरलं, फिरवलं, उलटं केलं. एक बाही सुलटी ठेवली, दुसरी तिच्या शेजारी उलटी, डोक्याला पाय लावून झोपलेल्या भावंडांसारखी. ब्लाउज झाला आणि वर पायपिंगपुरती पट्टी उरली.

"कापड कमी नसतं अक्का, बेतणारा चुकतो," ते म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कुंपणावर नोटीस लागली. कॅम्पच्या जागेवर सरकारी फ्लॅट होणार, नकाशा ऑफिसात पाहायला ठेवला आहे, ज्याला काही म्हणायचं असेल त्याने जनसुनावणीला यावं. वाचायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. नकाशात आमची लाइन हिरव्या रंगात होती. हिरवा पाहून मला आधी बरं वाटलं. मग कोपऱ्यातली यादी वाचली. हिरवा म्हणजे बाग.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "बाग? माझ्या चुलीवर?"

मी रात्रंदिवस खपून अर्ज लिहिला. मास्तरमामांनी तो वाचून घेतला आणि विचारलं, "यात विनंती किती वेळा आलीय?"

"पाच."

"एवढी विनंती करू नकोस. विनंती ऐकली की माणूस 'बघू' म्हणतो." मग त्यांनी विचारलं, "त्यांना बाग इथेच कशाला?"

"मोकळी जागा सोडायचा नियम आहे. बाकी सगळीकडे इमारती आल्यात."

"म्हणजे यांना कापड पुरलं नाही, म्हणून आपल्या अंगावरचं घेतलं." ते उठलेच. "चल, दाखव मला ते कापड."

ऑफिसातला कारकून नकाशाला हात लावू देईना. मास्तरमामांनी त्याच्या मानेकडे पाहिलं. "कॉलर उसवलीय तुमची. असंच बसता का साहेबासमोर?" सुई-दोरा त्यांच्या खिशात असायचाच. कारकून बिनशर्टाचा बसून राहिला आणि तेवढ्या वेळात मी बटरपेपर ठेवून सहाही इमारतींची बाह्यरेषा उतरवून घेतली. मास्तरमामा त्या रेषांवरून पुठ्ठ्याचे तुकडे कापणार होते, जसे ते कपड्याचे फर्मे कापत.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मंचावर अध्यक्ष मॅडम, शेजारी इंजिनिअर, खाली मोठ्या टेबलावर नकाशा. तिथलं सगळं बोलणं कन्नडात झालं, मी मराठीत लिहिते आहे. आमचा नंबर आला तेव्हा लाइनमधली सतराही घरं मागे उभी होती. अर्ज माझ्या हातात होता आणि मी नुसती त्याची घडी घालत, उघडत उभी होते. मास्तरमामा मला ओलांडून टेबलाशी गेले आणि इंजिनिअरकडे पाहून म्हणाले,

"स्वामी, तुम्ही सगळ्या इमारती एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्यात. मध्ये मध्ये चिंध्या वाया गेल्या. चार अशाच ठेवा, या दोन फिरवा. एक सुलटी, एक उलटी. बाग मधोमध निघेल. आमच्या घरांना हात लावायला नको."

त्यांनी तुकडे मांडायला सुरुवात केली. चार बसले. पाचवा चौथ्यावर चढला. सहावा रस्त्यावर गेला. त्यांनी पुन्हा मांडले, पुन्हा तेच.

हॉलमध्ये हसू फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, बिल्डिंगला बटणंही लावा."

इंजिनिअर चांगला माणूस होता, पण तोही हसला. "कपड्याचं वेगळं असतं, मास्तर."

मास्तरमामांच्या कपाळावर घाम आला होता. आईने माझा दंड घट्ट धरला. आता आपली घरं गेली, असं मला वाटलं. मी तुकड्यांकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं की प्रत्येकाच्या कडेच्या आत पेन्सिलची रेघ आहे.

"मामा," मी म्हणाले. हशात त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "मामा, तुम्ही शिलाईचं मार्जिन सोडलंय."

पन्नास वर्षं रेघेबाहेर अर्धा इंच सोडून कापत आलेला हात. त्याने इमारतींनाही शिवणीपुरती जागा ठेवली होती.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून कात्री काढली आणि सगळ्यांसमोर एकेक तुकडा रेघेवर कापला. हॉलमध्ये फक्त कात्रीचा आवाज. पट्ट्या खाली पडत गेल्या. मग त्यांनी पुन्हा मांडलं. सहाही बसले आणि मधोमध हाताच्या पंजाएवढी जागा कोरी राहिली.

इंजिनिअर मंचावरून खाली आला. त्याने पट्टी लावून दोन इमारतींमधलं अंतर मोजलं, रस्त्याची रुंदी मोजली. एक तुकडा जरासा सरकवला. पुन्हा मोजलं. मग शर्टाच्या बाह्या वर करून म्हणाला, "मॅडम, बाग आधीपेक्षा मोठी होतेय."

"लेखी नोंद घ्या," मॅडम म्हणाल्या. "सविस्तर कोण सांगेल?"

"आमची कॉलेज सांगेल," मास्तरमामा म्हणाले आणि बाजूला झाले.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आई म्हणते, एकदाही विनंती म्हणाले नाही.

काही महिन्यांनी नवा नकाशा लागला. त्यात हिरवा रंग मधोमध होता आणि कुंपणाला लागून सतरा छोटे चौकोन होते. आम्ही ते पुन्हा पुन्हा मोजले. मग घरांचे कागद मिळाले. त्या दिवशी लाइनमध्ये एकही मशीन चालली नाही. कारकूनसुद्धा जेवायला आला होता. बसल्या बसल्या मास्तरमामांनी त्याच्या शर्टाचं एक बटण लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारातून नारळाचं रोप घेऊन आले. आमच्या लाइनमध्ये तोवर पपई होती, शेवगा होता, वर्षा-दोन वर्षांत हाताशी येणारी झाडं. नारळ कुणीच लावला नव्हता. जिथून कधीही उठावं लागेल तिथे कोण लावणार?

त्यांनी दाराशेजारी खड्डा खणला. मामी ओट्यावरून म्हणाल्या, "सत्तरी उलटली. फळ येईपर्यंत राहणार आहात का?"

"मी नसलो तर तू खा की," ते म्हणाले आणि माती ओढत राहिले.

त्याच आठवड्यात बाकी सोळा घरांनी रोपं आणली.

मास्तरमामा जाऊन आता चार वर्षं झाली. मी त्या फ्लॅटमधल्या मुलांना शिकवायला तिसऱ्या मजल्यावर जाते. तिथल्या गॅलरीतून आमची लाइन दिसते. सतरा नारळ, सगळे एकाच उंचीचे. यंदा मास्तरमामांच्या दारातल्या झाडाला पहिला घड आला. मामी खाली उभ्या राहून वर बघत मोजत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मोजायला लावत होत्या.