न धुतलेला वरवंटा

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्यात राहत होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. निदान मला तसं वाटायचं.

आई गेली त्या वर्षी वडिलांना खानदेशातून माझ्याकडे आणलं. ते अर्ध्या भाकरीवर ताट सारायचे. "बस झालं माय," एवढंच बोलायचे. गालाची हाडं वर आली, तेव्हा मी ठरवलं, आईचं सँडविच करायचं. बाजाराच्या दिवशी घरी डबलरोटी यायची. आई दोन कापांत वांग्याचं भरीत भरायची, तव्यावर ठेवायची आणि वर दगडी वरवंटा आडवा टाकायची. पाव चपटा, कडक आणि झणझणीत. त्या एका पावासाठी आम्ही भावंडं मारामारी करायचो.

पहिल्यांदा केलं ते सुरतच्या जांभळ्या वांग्यांचं. वडिलांनी एक घास खाल्ला. मग मी भिशीचे पैसे मोडून विजेचा सँडविच-टोस्टर आणला. केवढा तोरा माझा! वडील त्याच्याकडे बघून म्हणाले, "झाकन चांगलं शे." पाव तसाच राहिला.

"नापास झालेलं सगळं माझ्याच डब्यात का?" कापडाच्या लूमवर कामाला निघताना आमचे हे म्हणाले.

"पास होईपर्यंत खा मुकाट्यानं!"

भावाला निरोप धाडला. तो हिरवी भरताची वांगी आणि आईचा वरवंटा घेऊन आला. वरवंटा काळाकुट्ट, लसणाच्या वासाचा. मी शहरातली टापटिपीची बाई! सोडा टाकून, काथ्यानं घासून तो असा लख्ख केला की देव्हाऱ्यात ठेवावा.

वडील दारात उभे राहून बघत होते.

"अव बाई, इतलं कसाले घासस? तुनी माय ठेचा वाटे आन तसाच पाववर ठेवे. कधी घासे नही."

म्हणजे तो झणका भरताचा नव्हताच. दगडाच्या खाचांत अडकलेला ठेचा तव्याच्या धगीनं पावात उतरायचा. आणि मी शहाणी तोच मोरीत ओतून आले होते!

लगेच मिरच्या भाजल्या, लसूण सोलला, ठेचा वाटला आणि बरबटलेला वरवंटा तसाच भरीत भरलेल्या पावावर टाकला. चुरचुर आवाज झाला. वडिलांना जोरात ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी पहिलं संपवलं, दुसरंही संपवलं. मग ताटाकडे बघत कुरकुरले, "तुनी माय मीठ कमी टाके."

कितीतरी महिन्यांनी त्यांनी जेवणाला नाव ठेवलं होतं. मी तिसरा पाव तव्यावर टाकला. मीठ मुद्दाम कमी केलं नाही.