खोटी वाचलेली पाटी

सिनेमा मुका होता तेव्हा सोलापुरात त्याचा आवाज मी होतो. तरुणपणी हे वाक्य मी दहा ठिकाणी फुशारकीने सांगितलं असेल. आता सांगताना मान खाली जाते. का जाते, ते एकदाचं लिहून टाकतो.

दिवसा मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी पत्र्याच्या थिएटरात पाट्या वाचायचो. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची. मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची, वर इंग्रजी, मध्ये गुजराती, खाली मराठी. पुढे जमिनीवर बसलेले गिरणीतले लोक, तेलुगू बोलणारे विणकर, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या बायका, यांतल्या बहुतेकांना तिन्ही लिपी सारख्याच. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा करायचे आणि तो पाटी मोठ्यानं वाचायचा. मी मॅट्रिक झालेलो, आणि पोरांवर ओरडून ओरडून घसा तयार झालेला. मालकाला आणखी काय हवं होतं!

पाटीवर असेल तेवढंच वाचणारा वाचक मात्र कुणालाच आवडत नसे. पाटीवर नुसतं 'थांब' असलं तर मी समोरच्या खलनायकाला थांबवून चार शिव्या घालायचो, त्याच्या सात पिढ्या उद्धरायचो, आणि तोवर पडद्यावर मारामारी सुरू झालेली असायची. लोक खूश. मीठमसाला घालणं हे आमच्या धंद्यात पाप नव्हतं, तीच आमची कला होती. शिवाय मी एक नाटक लिहून चार कंपन्यांकडे पाठवलं होतं आणि चारही ठिकाणांहून ते साभार परत आलं होतं. ती खाज थिएटरात भागायची.

अशात एक वेगळाच सिनेमा आला. त्यात मारामारी नव्हती, देव नव्हते, राजकन्या नव्हती. एका गावातला तरुण लढाईवर जातो. त्याची बायको लोकांची दळणं दळून घर चालवते आणि वाट बघते. शेवटी पोस्टमन येतो, ओट्यावर बसून तिला पत्र वाचून दाखवतो. पाटी येते: 'आपले पती लढाईत कामी आले.' ती रडते, बराच वेळ रडते. मग उठते, खुंटीवरचा त्याचा पटका घडी करून पेटीत ठेवते आणि जात्याशी येऊन बसते. शेवटची पाटी एवढीच: 'दळण राहिलं होतं.' जातं फिरत राहतं आणि खेळ संपतो.

पहिल्या दिवशी ती शेवटची पाटी मी होती तेवढीच वाचली. त्यात घालायला मीठमसाला सापडेना. लोक गप्प उठले आणि गप्प बाहेर गेले. बाजाची पेटी वाजवणारे चाचा होते, दाढी पांढरी झालेले, मुक्या सिनेमांना सूर देण्यात हयात गेलेली. ते पेटीचा भाता बंद करता करता म्हणाले, 'मास्तर, आज तुमे अच्छा पढे.' मला ते फारसं आवडलं नाही, कारण टाळी एकही पडली नव्हती.

आमच्या गल्लीत एक बाई सासूबरोबर राहायची. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती. तिचा नवरा मोठ्या लढाईच्या वेळी मजुरांच्या पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. आला तो सरकारी कागद, तोही इंग्रजीत. गल्लीत इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून तो मीच वाचला होता. तापानं मेला असं त्यात होतं. मी वाचलं, सुनेनं ऐकलं, सासूनं मात्र ऐकलं नाही. 'कागदानं माणूस मरत न्हाय,' असं म्हणून म्हातारीनं तो कागद आपल्या ट्रंकेत टाकला आणि किल्ली कनवटीला लावली. सुनेला तिनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कुंकू पुसू दिलं नाही. या गोष्टीला तेव्हा सात वर्षं झाली होती.

त्यांच्यात विधवेनं पाट लावायची चाल होती. मोहोळच्या एका बिजवराचं तिला विचारणं आलं होतं. माणूस शेतकरी, पोटापुरतं रान असलेला, आणि चांगला इतका की सासूलाही सांभाळीन म्हणाला होता. अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सून तयार होती, पण सासूनं 'जा' म्हटल्याशिवाय ती उंबरा ओलांडायला तयार नव्हती. आणि सासू म्हणायची, पोरगा जित्ता असताना सुनेला दुसरीकडं कशी देऊ?

ही सून तो सिनेमा तीनदा बघून गेली. तिसऱ्या वेळी खेळ सुटल्यावर ती दाराशी थांबली आणि मला म्हणाली, 'मास्तर, येत्या रविवारी म्हातारीला आणती. ती पत्राची पाटी जरा सावकास वाचा. त्या बाईनं कसं सोसलं, ते तिला बघू द्या.'

मी म्हटलं, 'आणा वैनी. सावकाश वाचतो.'

मी हो म्हटलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज थोडं बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात गर्दी रोडावली. लोक रडून जात आणि पुन्हा येत नसत. मालक कुरकुरू लागला, पण त्यानं मला काही करायला सांगितलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. टाळ्यांची सवय मला लागली होती. शनिवारी संध्याकाळी पोस्टमन ओट्यावर बसला, पाटी आली, आणि माझ्या मनात आलं, ही बाई रडते आहे खरी, पण आनंदानंही माणूस असंच रडतं की! मी खणखणीत आवाजात वाचलं, 'आपले पती जिवंत आहेत! जखमा बऱ्या झाल्या! पुढच्या गाडीनं घरी येत आहेत!'

थिएटर उठलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोपी उडवली. अशी कलाटणी त्यांच्या स्वप्नातही नव्हती. मी चाचांना हातानं खूण केली, काहीतरी उडतं वाजवा. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि तोच जुना रडका सूर धरून ठेवला.

पण सिनेमा तिथे संपत नव्हता ना! नवरा जिवंत, मग ती पटका पेटीत का ठेवते? मी ठोकून दिलं, 'धूळ बसू नये म्हणून.' एक जण ओरडला, पोस्टमन तोंड पाडून का बसलाय? मी म्हटलं, त्यालाही हुंदका आवरेना. शेवटची पाटी आली तेव्हा तर मी कहर केला: नवऱ्याला पुरणपोळी आवडते म्हणून ती गहू दळायला बसली! लोक हसले. जातं फिरत होतं, त्या बाईचा चेहरा दगडासारखा होता, आणि लोक हसत होते. टाळ्या वाजवणारे बाहेर पडताना एकमेकांना विचारत होते की मग एवढा वेळ आपण रडलो कशासाठी? एक म्हातारा विणकर माझ्याजवळ येऊन मोडक्या मराठीत म्हणाला की काल चांगलं होतं, काल ती बाई खरी होती. मी त्याला हसून घालवलं.

चाचा पेटीला कापड गुंडाळत होते. ते एवढंच म्हणाले, 'उस औरत का रोना कमाया हुआ था, मास्तर. तुमे मुफत का कर डाले.'

मला राग आला. पेटीवाल्यानं मला कथा शिकवावी? आज वाटतं, कलाटणीबद्दल एवढं नेमकं मी नंतर कुणाकडूनच ऐकलं नाही. गोष्टीच्या पोटातून आलेलं वळण माणूस सोसतो, ते कितीही वाईट असो. वरून चिकटवलेलं वळण कितीही गोड असलं तरी मागचं सगळं खोटं पाडून जातं.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारचा खेळ. शेवट बदलल्याची बातमी गिरण्यांच्या चाळींतून फिरली होती, त्यामुळे थिएटर गच्च भरलं; आमच्या गल्लीत मात्र ती पोचली नव्हती. दिवे मालवायच्या आधी मी पाहिलं, सून सासूचा हात धरून तिला चिकाच्या पडद्याकडे नेत होती. म्हातारी नवं लुगडं नेसली होती. सुनेनं माझ्याकडे बघून मान हलवली. आमचं ठरल्याची ती खूण होती.

पोस्टमन ओट्यावर येईपर्यंत मला वेळ होता. तासभर होता. मी स्वतःशी म्हणत होतो, खरं तेच वाचायचं. मग पाटी आली आणि तीन-चारशे माणसांनी श्वास धरला. ते सगळे कालच्या वाक्याची वाट बघत होते, आणि त्यांना मी नाही म्हणू शकलो नाही. एका बाईसाठी एवढी टाळी कोण सोडतो, असंही मनात आलं. हेच शब्द मनात आले, मी त्यांत काही सौम्य करत नाही. मी वाचलं, 'आपले पती जिवंत आहेत!' आणि ते सावकाश वाचलं. तिला कबूल केलं होतं तसं.

खेळ सुटल्यावर म्हातारी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. माझ्या तोंडात साखर पडो म्हणाली. सून तिच्या मागे उभी होती. ती रागावली नव्हती. हिशेबात न बसणारं काहीतरी समोर आल्यावर माणूस जसं बघतं, तशी ती माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी म्हातारीनं कासाराला घरी बोलावून सुनेला हिरवा चुडा भरला. मंगळवारी मोहोळला निरोप गेला की आमचा माणूस येणार आहे. हे मला गल्लीतच कळलं आणि मग मला शाळेत फळ्यावर लिहिता येईना. बुधवारी शाळा सुटताच मी त्यांच्या घरी गेलो. सून गिरणीतून नुकतीच आली होती, चुलीपुढे बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाटीवर काय होतं, मी काय वाचलं, कशासाठी वाचलं. म्हातारीच्या पाया पडलो. मला वाटलं, खरं बोललो की गाठ सुटेल. मीठमसाला न लावता, पाटीवर होतं तेवढंच बोलत होतो.

म्हातारीनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, 'म्हंजी तू पाटीवर न्हाई त्ये वाचलंस?'

'हो, मावशी.'

'आन् शंभर मानसांम्होरं वाचलंस. मग त्यो सरकारचा कागद तरी खरा वाचलास, कशावरनं?'

मी शपथा घेतल्या, आईची घेतली, मुलांची घेतली. कागद काढा, पुन्हा वाचतो म्हटलं. तिनं किल्लीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना घेऊन गेलो, तर 'ह्योबी तुमच्यातलाच,' म्हणून तिनं दारच लावून घेतलं. ट्रंक काही उघडली नाही. बुधवारी मी हे सगळं सांगत असताना सून चुलीपुढून हलली नव्हती. नुसती जाळ मागे-पुढे करत होती.

अक्षय तृतीया गेली. मोहोळचा माणूस आणखी दोन महिने थांबला, मग त्यानं दुसरीकडे पाट लावला. त्याला दोष कसा द्यायचा?

थिएटरात मी पुढे आणखी काही वर्षं वाचलं, पण पाटीवर असेल तेवढंच. लोक कंटाळले, मालक कंटाळला. मग सिनेमाच बोलायला लागला आणि माझं कामच संपलं. रोज सकाळी गिरणीच्या भोंग्याच्या वेळी ती बाई शाळेवरून जायची, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी खिडकीकडे पाठ करून हजेरी घ्यायचो. आठ वर्षं मी ती तशीच घेतली.

मग म्हातारी वारली. तेराव्यानंतर एका संध्याकाळी सून माझ्या घरी आली. केस कानशिलांवर पांढरे झाले होते. तिनं कमरेची किल्ली काढून दाखवली, पदराआडून तो कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला. म्हणाली, 'मास्तर, वाचा की.'

मी दिव्याजवळ बसलो. एकेक शब्द आधी इंग्रजीत वाचला, मग त्याचा मराठी अर्थ सांगितला. नंबर, पलटण, दवाखाना, ताप, तारीख. बोट ठेवून, पहिलीच्या मुलाला शिकवतात तसं. ती ओणवी होऊन त्या अक्षरांकडे बघत होती.

'येवढंच हाय?'

'एवढंच आहे, वैनी. पहिल्या दिवशी वाचलं होतं, तेच.'

तिनं कागद घेतला आणि जुन्या घड्यांवर नीट दुमडला. मग ती म्हणाली, 'म्हातारीला आमी येडी म्हनायचो. पर त्या रविवारनंतर मलाबी मधनंमधनं वाटायचं, मास्तर, तुमी ह्येबी खोटंच वाचलं असंल. सांजच्याला गाडी आली की भाकरी एक जादा टाकायची मी.'