नाक्यावरचं क्रियापद

बार्शीच्या शाळेतून परंड्याला घरी जाताना निजामाच्या हद्दीवर नाका लागायचा. तिथल्या कारकुनाचं नाव मी कधी विचारलं नाही. कानावर पेन्सिल आणि डोक्यात इंग्रजीचं भलतं वेड. दर सुट्टीला माझी ट्रंक तपासताना तो एक अवघड क्रियापद मागायचा, अर्थासकट. पेन्सिल जिभेवर ओली करून वहीत उतरवायचा, मगच सोडायचा.

त्या खेपेला ट्रंकेत धोतराखाली बंदी असलेली वर्तमानपत्रं होती. भीतीनं मला एकच शब्द सुचला.

"कनाइव्ह," मी म्हणालो.

"मंजी?"

"चूक दिसत असूनही मुद्दाम कानाडोळा करणं."

"लई खास! वापरतेत कसं?" असं विचारत त्यानं ट्रंकेत हात घातला, एक अंक वर काढला आणि मथळा वाचला. दारात बंदूकवाला शिपाई उभा होता.

त्यानं अंक होता तिथंच ठेवला, वर धोतर नीट पसरलं आणि कडी लावली.

"असं?"

मी कशीबशी मान हलवली.

त्यानं वही उघडली, पेन्सिल जिभेपर्यंत नेली आणि तशीच परत कानावर ठेवली.

"ह्यो तोंडपाठच बरा."