आतल्या खिशातला निळा

"शाळा कुठली?"

हात मिळवायच्या आधी काका हा प्रश्न विचारत. कॉलेज नाही, अनुभव नाही, आधीची कंपनी नाही. शाळा. समोरचा माणूस गोंधळून आठवू लागला की ते मान कलती करून डावा कान पुढे आणत, बाजारात कलिंगड वाजवून बघणाऱ्यासारखे. उत्तर ऐकू आलं की मग हात पुढे यायचा. आमच्या एचआरच्या बाई दर वर्षी त्यांना बजावत, की मुलाखतीत असले प्रश्न विचारू नका. काका दर वर्षी मान्य करत आणि पुढच्या मुलाखतीत विचारत.

काका मराठी नव्हते. ग्लासगोचे होते. आजोबा आयर्लंडहून पोट भरायला तिथे आलेले, आणि काका ग्लासगोहून त्याच कारणासाठी ह्यूस्टनला. तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन करणाऱ्या आमच्या विभागाचे ते प्रमुख. शुगर लँडला आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या मुलीनं सवयीनं "हॅलो काका" म्हटलं. त्यांनी अर्थ विचारून घेतला, आणि तेव्हापासून ऑफिसच्या मेसेजखालीसुद्धा ते 'काका' अशी सही करू लागले. मला त्यांनी नावानं कधीच हाक मारली नाही. माझं नाव 'नागपूर' होतं.

त्यांच्या आयुष्यात एक फुटबॉल क्लब होता, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच गावात दुसरा क्लब आहे, निळा. त्या दुसऱ्याचं नाव त्यांनी माझ्यादेखत एकदाही घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण त्या निदान लाजत तरी. काका नुसतं "पलीकडचे" म्हणत. मग एकाचंच नाव लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून मी इथे दोघांचंही लिहीत नाही. तुम्हाला एवढं माहीत असलं तरी पुरे, की हिरवे म्हणजे आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची पोरं, आणि निळे म्हणजे तिथलेच प्रोटेस्टंट, राजाराणीला मानणारे. शंभराहून जास्त वर्षं दोघं एका चेंडूमागे पळताहेत, आणि चेंडू हे निमित्त आहे हे चेंडू सोडून सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या मुलाखतीत मी शाळेचं नाव सांगितलं. नागपुरातली, एका संताच्या नावाची, फादर लोकांनी चालवलेली. काकांचा चेहरा उजळला. तुम्ही-मी जाणतो, की आपल्याकडे संताच्या नावाची शाळा म्हणजे बरं इंग्रजी, बसची सोय आणि उन्हाळ्यातही टायची सक्ती. ग्लासगोत मात्र त्या एका नावात माणसाचा धर्म, गल्ली, क्लब आणि आजोबा कुठल्या बोटीतून उतरले ते सगळं येतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर हुकूम मिळाला, की शनिवारी सकाळी सहाला बारमध्ये हजर राहायचं.

तो बार हायवेला लागून, टायरच्या आणि डोनटच्या दुकानांच्या मधे. मालकीण व्हिएतनामी. स्कॉटलंडात दुपार असते तेव्हा ह्यूस्टनमध्ये उजाडत असतं, आणि इतक्या सकाळी दार उघडणारी ती एकटीच, म्हणून हिरवे आणि निळे दोघेही तिच्याकडेच जमत. मधोमध पूलचं टेबल, ती सरहद्द. भिंतीवर तिनं नियम लिहून लावला होता: मेलेल्या राजांची आणि जिवंत पोपची गाणी म्हणायची नाहीत. टेक्ससच्या कायद्यानं त्या वेळी बिअर विकता येत नाही. त्यामुळे जगातलं हे कडवं वैर आमच्याकडे कंडेन्स्ड मिल्क घातलेल्या कॉफीवर चालायचं.

"हा नागपूर," काकांनी आपल्या बाजूला ओळख करून दिली. "शाळेचं नाव ऐका म्हणजे कळेल. आपला आहे."

मी हळूच म्हणालो, "काका, मी ख्रिश्चन नाही."

टेबलापलीकडे कुणीतरी खिदळलं. काकांनी तिकडे पाठ केली.

"पण शाळेत फादर होते ना?"

"होते."

"मारायचे?"

"पट्टीनं. उलट्या हातावर."

काकांनी सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. "मग आपलाच आहे. बस."

ते स्वतः धार्मिक होते का? विचारलं तर म्हणत, "शनिवारी आहे. रविवारचं बायको बघते." मालकीण आत गेली की दोन्ही बाजू नियम मोडत. काकांच्या बाजूची काही गाणी आयर्लंडमधल्या बंडखोरांच्या बंदुकांची होती. ती सुरू झाली की काका कॉफीत काहीतरी पडल्यासारखे कपात बघत बसत. बाकी गाणी मात्र ते उभं राहून, हात मागे बांधून म्हणत, शाळेतल्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे.

एका वर्षी म्हणाले, "नागपूर, माझं चर्च झालं. आता तुझं दाखव."

माझं असं काही नव्हतं. म्हणून मी त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला नेलं. मी तिथे वरण-भातासाठी आणि चार तास कानावर मराठी पडावं म्हणून जात असे. कार्यक्रम नेहमीसारखा झाला. देणगीदारांचा सत्कार झाला, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला, आणि शाली उरल्या म्हणून काकांनाही एक मिळाली. मग जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ माझ्याकडे वळले.

"नागपूर का? वा! नागपुरात कुठे?"

मी वस्ती न सांगता जवळचा मोठा चौक सांगितला.

"अच्छा, अच्छा. आणि आडनाव?"

"अहो, ते वरण संपत आलंय बघा," मी म्हणालो आणि त्यांच्या हातात डाव दिला. या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ अशा बऱ्याच वस्तू असत.

परतताना गाडीत काकांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. "तो माणूस तुला काय विचारत होता?"

"आडनाव."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी सांगितलं. आमच्याकडे आडनावातून तेच कळतं जे तुमच्याकडे शाळेतून. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध. त्याआधी आम्ही कोण होतो हे आडनाव ऐकलं की त्या रांगेतल्या निम्म्या लोकांना बिनचूक कळतं.

"कळलं तर काय होतं? हाकलतात?"

"छे! कुणी हाकलत नाही. फक्त पुढचा प्रश्न येत नाही."

काका म्हणाले, "मी सोळा वर्षांचा होतो. जहाजं बांधायच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात जागा होती. फोरमननं माझं ड्रॉइंग उजेडाकडे धरून पाहिलं. चांगलंय म्हणाला. मग विचारलं, शाळा कुठली? वडिलांनी घरून निघताना बजावलं होतं, की गल्लीचं नाव सांग, शाळेचं सांगू नको."

"मग?"

"शाळेचं सांगितलं. जरा जास्तच मोठ्यानं. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं."

"आणि नोकरी?"

"ती गेली रे. ड्रॉइंगसुद्धा परत दिलं नाही त्यानं. पण आवाज चांगला लागला होता."

मी धीर करून विचारलं, "काका, मला कॅथलिक समजून घेतलंत का नोकरीवर?"

ते मनापासून हसले. "त्याच दिवशी तुझ्याआधी एक पलीकडचा येऊन गेला. त्यालाही घेतला. तुझ्या मागच्या क्युबिकलमध्ये बसतो. काम उत्तम करतो, त्यांचे जिंकले की सोमवारी निळा टाय घालून येतो. अरे, मी उत्तर ऐकत नाही. आवाज ऐकतो. तुझा त्या दिवशी चांगला लागला होता."

आज जेवणाच्या रांगेत कसा लागला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये हिरव्या-निळ्यांचा सामना आणि आमची जयंती एकाच शनिवारी आली. आमच्या लोकांनी शुगर लँडमध्ये एक हॉल घेतला होता. सामना संपला की बारमधून थेट खुर्च्या मांडायला जायचं, म्हणून मी सकाळीच निळा कुर्ता चढवला. आमच्याकडे त्या दिवशी निळा घालताना कुणी विचार करत नाही. मीही केला नाही.

बारचं दार उघडलं आणि पलीकडच्यांनी एकच जल्लोष केला. माझ्या मागच्या क्युबिकलवाल्यानं तर उठून खुर्ची पुढे ओढली. "आलास! मला वाटलंच होतं!" हिरव्या बाजूला कप तोंडापर्यंत जाऊन थांबले. आमच्या ऑफिसातले दोन पुणेकर त्या दिवशी मजा बघायला आले होते, तेही वळून बघू लागले.

काका उठले. "नागपूर, घराला आग लागली होती का? हाती येईल ते घालून निघालास?"

मला धोब्यावर ढकलता आलं असतं. अमेरिकेत धोबी नसतो, पण वॉशिंग मशिन असतं. मी दोन्ही पुणेकरांकडे पाहिलं. कुणाच्या हातात द्यायला काही नव्हतं.

"हा आमचा निळा आहे, काका," मी म्हणालो. "माझ्या आजोबांनी ज्यांच्याबरोबर धर्म बदलला त्यांचा. आज आमची जयंती आहे, इथून थेट हॉलवर जायचंय." आणि कुणी विचारलं नसताना आडनाव सांगितलं. जरा जास्तच मोठ्यानं. मालकीण आतून हात पुसत बाहेर आली, काय फुटलं ते बघायला.

काकांचा डावा कान पुढे होता. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात हातात घेतला, आमची पहिलीच भेट असल्यासारखा. मग टेबलापलीकडे वळून म्हणाले, "ती खुर्ची आत घ्या. हा निळा तुमचा नव्हे. याच्या निळ्याला काम असतं. तुमचा नुसता बँड लावून रस्त्यानं हिंडतो."

बँड आमच्याकडेही असतो, आणि डीजेही असतो. पण ते सांगायची ही वेळ नाही असं मला वाटलं.

दोघा पुणेकरांपैकी एक माझ्याजवळ सरकला. "यार, मग त्या हॉलवर आम्ही आलो तर चालेल? की मेंबरशिप लागते?" मी म्हटलं, खुर्च्या उचलाव्या लागतात.

हिरवे हरले. दोष माझ्या कुर्त्याचा, यावर त्या बारमध्ये पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

दुपारी काका बायकोला घेऊन हॉलवर आले. कोट, आणि त्यावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टाय. दारात माझी बायको येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात निळं उपरणं घालत होती. तिनं हात उंचावले आणि काका एक पाऊल मागे सरले. तिचे हात तसेच राहिले. मागे रांग थांबली.

"गळ्यात नको," काका म्हणाले. "माझे वडील वरून बघतायत."

मग त्यांनी ते उपरणं तिच्या हातातून दोन्ही हातांनी घेतलं, ड्रॉइंगची करतात तशी कडेला कड जुळवून नीट घडी केली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून हात दाबला. "आत चालेल."

पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळी भाषणं ऐकली, जी आमच्याकडेही लांब असतात, आणि दोन वाट्या खीर खाल्ली. भरल्या निळ्या हॉलमध्ये तो एकच हिरवा टाय. आमच्यातल्या एका आजोबांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "हे कोण रे?"

"ग्लासगोचे आहेत. आपलेच."

त्या वर्षीच्या गणपतीत तेच गृहस्थ रांगेत भेटले. या वेळी मी आडनाव सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले, आणि पुढचा प्रश्न आला नाही. तेव्हा मीच विचारला, "आणि तुमची शाळा कुठली?"

काका निवृत्त झाले. फुप्फुसांनी त्रास द्यायला सुरुवात केली तरी शनिवारी येत, गाणी बसून म्हणत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज ठाम होता. "चर्चमध्ये सगळ्यांनी हिरवं-पांढरं घालून यायचंय. तू सोडून. तू निळा घालायचा, असं त्यांनी सांगून ठेवलंय." मग म्हणाल्या, "त्यांना तोच कोट घातलाय. आतल्या खिशातलं मी काढलेलं नाही."

चर्च हिरवं झालं होतं. मालकिणीनं बार बंद ठेवला होता, ती मधल्या रांगेत जपमाळ घेऊन बसली होती. पलीकडचेही आले होते, काळ्या सुटात, कुठलाच रंग न लावता, अगदी शेवटच्या बाकावर. त्या सगळ्यांमधून मी निळ्या कुर्त्यात चालत पुढे गेलो. काकांच्या बायकोनं मला पहिल्या बाकाकडे हात दाखवला.

बाकाच्या कडेला एक म्हातारा बसला होता. तशीच हनुवटी, तसंच नाक. ग्लासगोहून आलेले काकांचे थोरले भाऊ, पहिल्यांदाच टेक्ससमध्ये. त्यांना माझ्याबद्दल कुणी सांगितलं नसावं. त्यांनी माझा कुर्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, चेहरा कठीण केला, आणि जागा न देता मान कलती करून डावा कान पुढे आणला.

"शाळा कुठली?"

मी सांगितली. मग न विचारता आडनावही सांगितलं. चर्चमध्ये बोलू नये इतक्या मोठ्यानं.

म्हाताऱ्यांनी कान मागे घेतला. मग त्यांनी हात पुढे केला आणि बाकावर सरकून जागा दिली.